नवा मासा खात नाही? आधी त्याची भीड चेपू द्या

शनिवारी संध्याकाळी आणलेल्या माशाने सोमवार उजाडला तरी एक दाणा खाल्ला नाही, म्हणून खालच्या मजल्यावरून फोन आला. "काकू, जरा येता का खाली? पोरगा शाळेत जायला तयार नाही हो. मासा मरेल म्हणून रडत बसलाय." ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत माझ्याकडे माशांचे टँक आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. कुकरखालचा गॅस बंद केला आणि खाली गेले.

बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी दोन फुटी टँक. तळाला निळे खडे, कोपऱ्यात एक प्लास्टिकचं झाड, झाकणाला लख्ख पांढरी एलईडी पट्टी. दोन महिन्यांपासून असलेल्या चार प्लॅटी, म्हणजे लहान रंगीत मासे, मजेत फिरत होत्या. नवा एंजल मासा मात्र हीटरची नळी आणि मागची काच यांच्यामधल्या बोटभर फटीत तिरका उभा. दहाच्या नाण्याएवढं अंग, पर चिकटवून घेतलेले, काळे पट्टे धुऊन निघाल्यासारखे फिके. खाली खड्यांमध्ये दोन दिवसांचे दाणे फुगून पडले होते, काहींवर पांढरट बुरा धरला होता. आणि मुलगा त्याला बाहेर बोलावण्यासाठी काचेवर टकटक करत होता.

"आजी, तो मरणार का?"

"नाही रे राजा. घाबरलाय तो. आज त्याला काहीच खायला द्यायचं नाही."

त्याच्या आईला हे पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. उपाशी जिवाला आणखी उपाशी ठेवायचं, हे आपल्यापैकी कोणाच्याच मनाला पटत नाही. पण नव्या माशाची भूक सगळ्यात शेवटी जागी होते. त्याआधी त्याला श्वास नीट घेता यावा लागतो, मग लपायला जागा सापडावी लागते, मग आजूबाजूला कोण आहे हे कळावं लागतं. जूनमध्ये नव्या शाळेत घातलेल्या मुलाचा डबा पहिले चार दिवस तसाच परत येतो ना, तसंच हे. भाजी बदलून तो डबा संपत नाही.

पिशवीतला प्रवास

आपल्या दुकानांत दिसणारे रंगीत मासे बहुतेक लांबून आलेले असतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि पश्चिम बंगालमध्ये त्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर होते. तिथून मुंबई, मग कुर्ल्यासारखा बाजार, मग स्टेशनजवळचं दुकान आणि शेवटी रिक्षातून आपलं घर. लांब पाठवण्याआधी माशांना एक-दोन दिवस मुद्दाम उपाशी ठेवतात, कारण पोट भरलेलं असेल तर पिशवीतलं पाणी लवकर घाण होतं. म्हणजे थोड्याच दिवसांत तीन-चार वेळा जाळीत पकडला गेलेला, तीन-चार वेगवेगळ्या पाण्यांत राहिलेला जीव आपण घरी आणतो.

बंद पिशवीत एक विलक्षण गोष्ट घडते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात, पिशवीत तो साठत जातो. अमोनिया माशाला विष आहे. पण त्याच वेळी माशाच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात विरघळतो, त्याने पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, खाली येतो, आणि पीएच उतरला की अमोनियाचा बराचसा भाग अमोनियम या सौम्य रूपात जातो. त्यामुळे मासा त्या घाण पाण्यातही तग धरून असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेच सौम्य अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं.

म्हणून कुरिअरने आलेला, दीड-दोन दिवस पिशवीत राहिलेला मासा उघड्या पिशवीत दोन-दोन तास "सरावायला" ठेवणं चुकीचं आहे. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, दोन्हीकडचं तापमान सारखं होऊ द्या, पिशवी उघडा आणि फार वेळ न दवडता माशाला टँकमध्ये घ्या. स्टेशनजवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाची गोष्ट वेगळी. त्याच्या पिशवीत अमोनिया साठलेला नसतो, तेव्हा तापमान जुळल्यावर दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी पिशवीत घालत अर्धा तास काढायला हरकत नाही. दोन्ही वेळा पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नका. मासा जाळीने उचला आणि ते पाणी मोरीत जाऊ द्या.

भीती पोट बंद करते

घाबरल्यावर माणसाच्या रक्तात चढतं तेच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक माशाच्याही रक्तात चढतं, काही मिनिटांत. सगळी ताकद पळण्यासाठी राखून ठेवली जाते, भूक आणि रोगाशी लढण्याची शक्ती दोन्ही मागे पडतात. त्रास थांबला तर काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, ते उतरायला लागतं. घोटाळा असा की आपण ते उतरू देत नाही. मासा खात नाही म्हणून आपण दर तासाला झाकण उघडतो, दाणे टाकतो, वाकून पाहतो, टॉर्च मारतो. त्याच्या दृष्टीने दर तासाला कोणीतरी भलंमोठं वरून झेपावतं. पाण्यातल्या जिवाला बगळा आणि खंड्या वरूनच येतात, हे लक्षात ठेवलं तर त्याचं दचकणं कळतं.

उपासाची धास्ती घेऊ नका. मासा थंड रक्ताचा प्राणी, अंग ऊबदार ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. वाढलेला, निरोगी मासा आठवडाभर न खाता राहू शकतो. अगदी लहान पिल्लांना हे लागू नाही, त्यांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतंच. पण दुकानातून आणलेला बोटाएवढा मासा तीन दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही. त्याच तीन दिवसांत तळाशी कुजणाऱ्या दाण्यांनी मात्र मरू शकतो.

डोळे आणि कान

त्या घरात मी पहिलं काम केलं ते वरची लाइट बंद करण्याचं. माशाला पापण्या नसतात हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या बाहुल्याही आपल्यासारख्या पटकन आकसत नाहीत, हे फारसं कोणाला माहीत नसतं. अंधारातून उजेडात आलो की आपली बाहुली क्षणात बारीक होते. बहुतेक माशांमध्ये ते काम डोळ्याच्या आतल्या पडद्यातले रंगकण सरकून करतात आणि त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. तोवर त्याला डोळे मिटता येत नाहीत, तोंड फिरवायला जागा नसते. सकाळी काळ्याकुट्ट टँकमध्ये एकदम एलईडी लागली की मासे काचेवर आपटतात ते यामुळे. आधी खोलीतला दिवा लावा किंवा पडदा उघडा, अर्ध्या तासाने टँकची लाइट. रात्री उलट क्रमाने. आणि नवा मासा आल्यावर पहिला पूर्ण दिवस, जमल्यास दोन, टँकची लाइट लावूच नका. खिडकीतून येणारा उजेड त्याला पुरतो.

आता टकटक. आवाज हवेपेक्षा पाण्यात चौपटीहून अधिक वेगाने जातो, सेकंदाला साधारण १,४८० मीटर. शिवाय माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्याची बारीकशी हालचालही जाणवते. टेट्रा, बार्ब, गोल्डफिश, कॅटफिश या मंडळींमध्ये तर अंगातली हवेची पिशवी छोट्या हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते, त्यामुळे त्यांचं ऐकणं फारच तीक्ष्ण. काचेवरची आपली टकटक त्यांना बंद पत्र्याच्या खोलीत दार धडाधडा वाजवल्यासारखी. टीव्हीचा स्पीकर त्याच मेजावर असेल तर तो हलवा. टँकखाली थर्माकोलचा थर असला की मेजातून चढणारी थरथर बरीच कमी होते. गणपतीत आमच्या गल्लीतून ढोल-ताशे जातात तेव्हा मी टँकची लाइट बंद ठेवते आणि त्या आठवड्यात नवा मासा आणतच नाही. दिवाळीच्या चार दिवसांतही नाही.

मुलाला मी सांगितलं, "टकटक करायची नाही. इथे खुर्ची टाकून गप्प बसायचं, दहा मिनिटं. त्याला तुझं तोंड पाठ झालं पाहिजे." तो लगेच बसला. मासे खायला घालणाऱ्या माणसाला ओळखायला शिकतात, हे मी इतक्या वर्षांत कितीदा पाहिलंय.

आडोसा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि लोकांना सगळ्यात उलटा वाटणारा. लपायला जागा दिली तर मासा कायमचा लपून बसेल आणि दिसणारच नाही, अशा भीतीने लोक टँक मोकळा ठेवतात. घडतं बरोब्बर उलटं. मोकळ्या टँकमधला मासा एकमेव फट शोधून तिथेच चिकटून राहतो, कारण ती सोडली तर दुसरी नाही. चार ठिकाणी आडोसा असला की तो एकातून दुसऱ्यात जायला लागतो, मग मध्ये थबकतो, मग मधल्या मोकळ्या जागेत रेंगाळतो. पळून जायला जागा आहे याची खात्री पटली की पळावंसं वाटत नाही.

एंजलचं उदाहरण घ्या. त्याचं अंग असं चपटं, उभ्या थाळीसारखं का आहे? अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तो पाण्यात उभ्या असलेल्या मुळांमधून आणि लांब पानांमधून वावरतो, अंगावरचे उभे पट्टे त्या सावल्यांत मिसळून जातात. त्याला निळ्या खड्यांच्या, चारी बाजूंनी लख्ख टँकमध्ये सोडलं की ते पट्टे त्याला लपवत नाहीत, उलट उघडं पाडतात. म्हणून एंजलला उभा आडोसा हवा. रिबिनीसारखी लांब पानं असणारी व्हॅलिस्नेरिया उत्तम, ती आपल्या पाण्यात जोमाने वाढते. कोरीडोरास आणि कुहली लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना आडवी, जमिनीलगतची बिळं हवीत. गप्पीला आणि बेट्टाला, म्हणजे फायटरला, पृष्ठभागावर तरंगणारी झाडं आवडतात. कुठला मासा नदीच्या कुठल्या थरात राहतो हे एकदा कळलं की त्याला कसला आडोसा द्यायचा हे विचारावं लागत नाही.

यासाठी दुकानातून महागडी सजावट आणायची गरज नाही. फुटलेल्या मडक्याचा किंवा रंग न दिलेल्या कुंडीचा अर्धा तुकडा कडा घासून घेतला की छान गुहा होते. नारळाची करवंटी शेंड्या काढून दोन-तीनदा उकळा, पाण्याला रंग सुटायचा थांबला की एक बाजू फोडून पालथी ठेवा. प्लंबरकडे उरलेला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा लोचला फार आवडतो. आणि मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डशीट चिकटवा. दहा-पंधरा रुपयांच्या त्या कागदाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही असं माझं मत आहे. मागून कोणी येत नाही ही खात्री तर होतेच, शिवाय काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पाहून मासा बावरतो तेही कमी होतं.

आणि बदामाची पानं. ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेला, सोसायट्यांच्या आवारात जो रुंद पानांचा, मजल्यामजल्यांनी फांद्या पसरणारा जंगली बदाम दिसतो, त्याचीच. थंडीच्या शेवटी त्याची पानं तांबडी होतात आणि पटापट गळतात. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी कचराळी तलावाला फेरी मारून परत येताना मी आमच्या आवारातली गळलेली, पूर्ण वाळलेली, तपकिरी पानं वेचते. हिरवं पान कधीच नाही, भर रस्त्यावरचं धूर खाल्लेलं नाही, आणि जिथे कीटकनाशक फवारलंय तिथलं तर मुळीच नाही. घरी आणून नळाखाली चोळून धुते, उन्हात वाळवते आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. टँकमध्ये टाकलं की पान एक-दोन दिवस तरंगतं, मग जड होऊन तळाला बसतं. त्यातून टॅनिन हा तुरट अंश उतरून पाण्याला कोऱ्या चहाचा फिकट रंग येतो. तीस-चाळीस लिटरला एक पान पुरे. तीन-चार आठवड्यांत त्याची जाळी उरते, तेव्हा काढून दुसरं टाकायचं.

पाणी पिवळं दिसतं म्हणून काहींना ते घाण वाटतं. पण निऑन टेट्रा, एंजल यांच्या मूळ नद्यांतल्या कित्येक ठिकाणी जंगलाची पानं कुजून पाणी असंच असतं आणि वर झाडांची गर्द सावली. त्या रंगाने उजेड मऊ होतो, पीएच किंचित उतरतो, आणि मासा स्वतःला झाकलेला समजतो. पान टाकल्यावर दुसऱ्या दिवशी निऑनचा निळा पट्टा जसा उठतो तो पाहायला मी टँकसमोर मुद्दाम बसते.

सोबत

निऑन टेट्रा, रास्बोरा, कोरीडोरास हे थव्याने राहणारे मासे. दोन-दोन जोड्या आणू नका, एकाच जातीचे सहा तरी आणा. सहाच्या खाली ते एकेकटे घाबरलेले मासे असतात, सहाच्या वर थवा होतो.

दुसरी युक्ती धीट सोबत्यांची. बुजरा मासा स्वतः बाहेर येऊन अंदाज घेत नाही, तो दुसऱ्यांकडे पाहतो. वरच्या थरात शांतपणे फिरणारे, निर्धास्त खाणारे मासे दिसले की आसपास धोका नाही हे त्याला कळतं. आमच्या शेजाऱ्यांच्या टँकमधल्या चार प्लॅटी हेच काम करत होत्या. पण सोबती धीट हवेत, दांडगे नकोत. टायगर बार्ब एंजलच्या लांब परांचे लचके तोडतात. आणि एंजल मोठा झाला की निऑनला गिळतो, तेव्हा ही जोडी दुकानात कितीही सुंदर दिसली तरी घरी नको.

शक्य असेल तर नवा मासा आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. प्लास्टिकचा वीस-पंचवीस लिटरचा टब, जुन्या टँकमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर, पाइपचे दोन तुकडे, बस्स. तिथे तो एकटा, शांत असतो, त्याने खाल्लं की नाही ते कळतं आणि काही रोग असेल तर बाकीच्यांना लागत नाही.

पाणी

मासा आठवडाभरात रुळत नसेल तर मी सर्वात आधी अमोनियाचा टेस्ट किट काढते. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आज टँक मांडला आणि उद्या मासे आणले, तर ते न खाता कोपऱ्यात बसतात त्याचं कारण लाजाळूपणा नसून विषबाधा असते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर रोज वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरीनने तेच जिवाणू मरतात.

ठाण्याच्या नळाला मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. त्यातला क्लोरीन घालवायला बादली चोवीस तास उघडी ठेवा, आत एअर पंपाची नळी सोडली तर आणखी चांगलं, किंवा क्लोरीन मारायचे थेंब वापरा. घोडबंदर रोडच्या कित्येक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. टँकर बोअरचं पाणी घेऊन आला तर ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं, आजचा टँकर आणि उद्याचा टँकर यांत फरक पडतो. तिथे राहणाऱ्यांनी एका वेळी थोडंथोडंच पाणी बदलावं.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. मेमधल्या दुपारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हवेचा जोर वाढवा आणि जेवण संध्याकाळवर ढकला. कोरीडोरास मात्र अधूनमधून वर झेपावून हवेचा घोट घेतात, तो त्यांचा स्वभावच आहे, आतड्यातून ते हवा वापरतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी बावीसच्या खाली जाऊ लागलं की उष्ण प्रदेशातले मासे मंदावतात आणि खाणं टाकतात. लिटरला एक वॅट या हिशोबाने हीटर लावला की प्रश्न सुटतो.

आता खायला काय

माशाचं तोंड पाहा. ते वर वळलेलं असेल, गप्पीसारखं, तर तो पृष्ठभागावरचं खातो. समोर असेल तर मधल्या पाण्यात हळूहळू बुडणारं. खाली असेल, मिश्या असतील, तर तळावरचं. कोरीडोरासला तरंगणारे फ्लेक्स टाकून तो खात नाही म्हणणं बरोबर नाही, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. लोच आणि बरेच कॅटफिश रात्री हिंडतात, तेव्हा त्यांची बुडणारी टिकली दिवे मालवल्यावर टाकावी. दाण्याचा आकार माशाच्या डोळ्याएवढा किंवा लहान असावा. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातल्या माशांना वेगळं जठर नसतं, सरळ आतडंच, म्हणून त्यांना एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडंथोडं दोनदा द्यावं.

पहिला घास बहुतेकदा हलणाऱ्या खाद्याचाच होतो. तळ्यात वाढलेल्या किंवा नदीतून पकडलेल्या माशाने दाणा कधी पाहिलेलाच नसतो, वळवळणारं काहीतरी दिसलं की मात्र त्याच्यातला शिकारी जागा होतो. यात सर्वात निर्धोक आर्टेमिया, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर अंडी, आत हवेची नळी, जवळ एक दिवा. आपल्याकडच्या उष्णतेत २४ ते ३६ तासांत केशरी ठिपके नाचायला लागतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. नळीने ओढून घ्या, तलम कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुऊन टँकमध्ये सोडा. हे जमत नसेल तर फ्रोझन ब्लडवर्मच्या, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांच्या, वडीचा कोपरा वाटीत विरघळवून द्या. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी आणत नाही, ते सांडपाण्यात वाढतात आणि सोबत काय घेऊन येतील याचा नेम नसतो.

डासांच्या अळ्या माशांना अतिशय प्रिय. भिंतींवर "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" लिहिलेलं असतं ते उगाच नाही. पण त्यासाठी गॅलरीत पाण्याची बादली भरून ठेवू नका. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो.

एक मासा असा आहे की त्याच्यापुढे दाण्यांचा आग्रह चालतच नाही, तो म्हणजे मटारएवढा पफर. केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या नद्यांतला, जेमतेम इंचभर, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून पाहणारा. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज तो निसर्गातूनच मोठ्या प्रमाणावर पकडला जातो. त्याला बारीक गोगलगायी आणि जिवंत खाद्य कायम पुरवता येणार असेल तरच घरी आणा.

मासा जिवंत खाद्य घेऊ लागला की तीन-चार दिवसांनी त्यातच भिजवलेले दाणे मिसळायला लागा आणि प्रमाण हळूहळू बदला. घास तोंडात घेऊन थुंकला तर निराश होऊ नका, चव घेण्याची ती पद्धत आहे, बहुतेकदा तोच घास तो पुन्हा उचलतो. पाच-दहा मिनिटांत जे उरेल ते नळीने काढून टाका, प्रत्येक वेळी.

कधी घाबरायचं

आठ-दहा दिवस झाले, पोट आत गेलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबते, किंवा मासा खडे-झाडांना अंग घासतो, तर ते बुजणं राहिलेलं नाही. अंगावर रव्याएवढे पांढरे कण दिसले तर तो व्हाइट स्पॉट, नव्या आणि दमलेल्या माशांना हमखास गाठणारा परजीवी. कातडीखाली असताना त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. तो गळून तळाला पडतो, फुटून शेकडो होतो आणि नवा मासा शोधत पोहतो, तेवढ्यातच औषध त्याला मारतं. म्हणून ठिपके गेले तरी औषधाचे दिवस पुरे करायचे. रात्री निऑनचा रंग उडालेला दिसला तर मात्र काळजी नको, झोपेत त्यांचा रंग जातोच.

आणि एखादा मासा आपल्याकडे नाहीच रमला, तर दुकानदाराला परत द्या, ओळखीत द्या. मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर असाच सोडला गेल्याने देशातल्या कित्येक तळ्यांत माजला आहे आणि तिथल्या माशांच्या जागा बळकावतो आहे. हे मला मनापासून लागतं, म्हणून लिहिलं.

त्या सोमवारी आम्ही तळाचे दाणे काढले, पाव टँक पाणी बदललं, मागे काळा कार्डशीट लावला, माझ्याकडच्या व्हॅलिस्नेरियाचे सात-आठ कोंब मागच्या बाजूला रोवले, मडक्याचा तुकडा आणि दोन बदामपानं टाकली. लाइट बंद. मंगळवारी एंजल हीटर सोडून पानांत आला. बुधवारी संध्याकाळी थोडी आर्टेमिया सोडली, प्लॅटींनी सगळी फस्त केली, हा नुसता पाहत राहिला, पण पट्टे गडद झाले होते.

गुरुवारी संध्याकाळी मुलगा खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, माझ्याशी कुजबुजत होता. आर्टेमियाचा केशरी ढग पानांजवळून खाली उतरला. एंजल तिरका झाला, एका डोळ्याने एका ठिपक्याकडे बघत राहिला, पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पर पुढे आले, आणि इतक्या झटकन तो ठिपका नाहीसा झाला की आम्हाला तोंड उघडलेलं दिसलंच नाही. मग थुंकला. मग परत घेतला. मग पुढचा.

"आजी, बोलू का आता?" मुलाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "त्याचं होऊ दे."